जर्मनीत राहायला जायचे आहे? मग आधी कोणता कागद?

दरवर्षी जून-जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सारखीच धावपळ सुरू होते. जर्मन विद्यापीठाचे प्रवेशपत्र ईमेलवर आलेले असते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होणार असते आणि मग अख्खे घर व्हिसाच्या मागे लागते. पैसे कुठून उभे करायचे, कर्ज कधी मंजूर होणार, अपॉइंटमेंट कधीची मिळणार, हे प्रश्न तेव्हा पहिल्यांदा समोर येतात. मुलाच्या किंवा मुलीच्या गुणवत्तेत काही कमी नसते. कमी पडतो तो वेळ, आणि एवढ्या कष्टाने मिळालेली जागा त्यापायी हातची जाते.

हे टाळता येते. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या लागतात. ज्या कागदाला सर्वाधिक वेळ लागतो तो सर्वांत आधी हाती घ्यायचा, ही पहिली. दुसरी अशी की, तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त फाईल असते, त्यामुळे फाईलमधल्या प्रत्येक कागदाने तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली पाहिजे. शिकायला जाणाऱ्यांना हे जितके लागू आहे, तितकेच नोकरीसाठी किंवा जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्यांनाही.

आधी व्हिसाचा प्रकार ठरवा

शेंगेन व्हिसा हा फिरायला, भेटीला किंवा छोट्या कामासाठी जाणाऱ्यांचा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. त्याहून अधिक काळ राहायचे असेल तर ‘नॅशनल व्हिसा’ म्हणजे डी व्हिसा लागतो. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शेंगेन व्हिसावर गेलेल्या भारतीय नागरिकाला सर्वसाधारणपणे परत येऊन इथूनच नव्याने अर्ज करावा लागतो.

डी व्हिसाचेही अनेक प्रकार आहेत. विद्यापीठात शिकणाऱ्यांचा वेगळा, नोकरीचे पत्र हातात असलेल्या कुशल कर्मचाऱ्यांचा वेगळा, ठरावीक पगाराच्या वर नोकरी मिळालेल्या पदवीधरांसाठी ‘ईयू ब्लू कार्ड’, कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करत व्यवसाय शिकण्यासाठी ‘आउसबिल्डुंग’चा वेगळा आणि पती, पत्नी, मुले यांच्यासाठी कुटुंब एकत्रीकरणाचा वेगळा. १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ हाही मार्ग खुला झाला आहे. शिक्षण, अनुभव, भाषा, वय अशा निकषांवर किमान सहा गुण जमले तर वर्षभर जर्मनीत राहून नोकरी शोधता येते आणि त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते.

प्रत्येक प्रकाराची कागदपत्रांची यादी निराळी असते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. तुमच्या प्रकाराची यादी अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून छापून घ्या आणि तीच प्रमाण माना. मित्राने गेल्या वर्षी काय जोडले होते, याचा उपयोग मर्यादित असतो, कारण नियम आणि रकमा बदलत राहतात. या लेखातले आकडेही अर्जाच्या दिवशी एकदा पडताळून घ्या.

नाव : आपल्याकडची मोठी अडचण

मराठी घरांत नाव लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव. पदवीवर कधी आडनाव शेवटी. पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’मध्ये घातलेले किंवा अजिबात नसलेले. आधार कार्डावर स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, पॅन कार्डावर कमी. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि बँकेचे खाते तिसऱ्याच रूपात. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण हा सगळा एकच माणूस आहे हे आपल्याला माहीत असते. अधिकाऱ्याला ते कागदानेच सांगावे लागते.

सगळे कागद टेबलावर मांडा आणि नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे ओळीने ताडून पाहा. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरा. जिथे फरक आहे तिथे दुरुस्ती करून घ्या. बोर्ड किंवा विद्यापीठाकडून दुरुस्ती व्हायला बराच काळ जातो, म्हणून हे काम वर्षभर आधी सुरू करावे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा. विद्यापीठाचा अर्ज, बँकेचे खाते, विमा, भाषेची परीक्षा, सगळीकडे इथून पुढे पासपोर्टवर आहे तसेच नाव लिहा. वडिलांचे नाव एका ठिकाणी घालायचे आणि दुसरीकडे गाळायचे, असे करू नका.

पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहून घ्या. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान दोन कोरी पाने हवीत. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधीच करा. मध्येच पासपोर्ट बदलला की बाकीच्या कागदांवरचा क्रमांक जुना ठरतो.

शिक्षणाची पडताळणी

भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. दिल्लीतले एपीएस केंद्र तुमच्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत का आणि त्यांच्या आधारे जर्मनीत शिकता येते का, हे तपासते. शुल्क १८,००० रुपये आहे. अनेक विद्यापीठे हे प्रमाणपत्र प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागतात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या फाईलमधला सर्वांत पहिला कागद बहुतेक वेळा हाच असतो. हंगामात गर्दी होते. विद्यापीठाची निवड पक्की होण्याची वाट न पाहता पात्र झाल्याबरोबर अर्ज करून टाका.

जर्मनीत हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन सत्रे असतात. अनेक विद्यापीठांची हिवाळी सत्राची अर्जाची मुदत १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी असते. या तारखा जर्मनीत आणि युरोपात राहणाऱ्यांना पुरतात. भारतातून जाणाऱ्याने मात्र १५ जुलैला अर्ज केला तर प्रवेशपत्र येऊन व्हिसा मिळेपर्यंत वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. शक्य असेल तिथे अर्ज खुले होताच पाठवा. सरकारी विद्यापीठांत बहुतांशी शिक्षणशुल्क नसले तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. खर्चाचा हिशेब मांडताना राज्यही बघा.

नोकरीसाठी जाणाऱ्यांना आपली पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे दाखवावे लागते. त्यासाठी ‘अनाबिन’ नावाची माहितीसूची इंटरनेटवर खुली आहे. आपले विद्यापीठ आणि आपली पदवी या दोन्हींची नोंद तिथे शोधा, सापडली की त्या पानाची प्रत काढून फाईलला लावा. विद्यापीठाचा दर्जा ‘एच प्लस’ असला आणि पदवीही समकक्ष म्हणून नोंदलेली असली तर काम सोपे होते. नोंद नसेल तर ‘झाब’ या जर्मन कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावे लागते आणि त्याला वेळ जातो. परिचारिका, डॉक्टर यांसारख्या व्यवसायांना त्या त्या जर्मन राज्याची वेगळी मान्यता लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या तरुणांनाही जर्मनीची वाट खुणावू लागली आहे. एक मात्र ध्यानात असू द्या. सरकारी योजनेतून जा किंवा स्वतःच्या बळावर, भाषा, पात्रतेची मान्यता आणि व्हिसा या तीन पायऱ्या प्रत्येकाला चढाव्याच लागतात. त्या पूर्ण होण्याआधी हातातली नोकरी सोडू नका, जमीन विकू नका.

पैसा दाखवायचा कसा?

पहिल्या वर्षाचा राहण्या-जेवण्याचा खर्च विद्यार्थ्याला भागवता येईल, याचा पुरावा द्यावा लागतो. सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ‘ब्लॉक्ड अकाउंट’. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम भरावी लागते. रुपयांत ती बारा लाखांच्या घरात जाते. हे पैसे खर्ची पडलेले नसतात. जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ठरलेली रक्कम तुमच्याच चालू खात्यात जमा होत राहते. मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन दिलेले हमीपत्र हेही पर्याय आहेत.

आपल्याकडची कुटुंबे सातबारा, घराचे मूल्यांकन, एलआयसीच्या पॉलिसी, सीएचे प्रमाणपत्र असे गठ्ठेच्या गठ्ठे तयार करतात. इतर काही देशांच्या व्हिसासाठी त्यांचा उपयोग होतो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी मात्र ते ब्लॉक्ड अकाउंटची जागा घेत नाहीत. भाषांतर आणि नोटरीवर हजारो रुपये घालवण्याआधी यादीत तो कागद मागितला आहे का, हे पाहा.

कर्ज घेणार असाल तर मंजुरीपत्र आणि प्रत्यक्ष रक्कम हातात येणे यांत अंतर असते. ब्लॉक्ड अकाउंटसाठीची रक्कम आपली बँक कर्जातून एकरकमी देते का आणि त्यासाठी काय काय मागते, हे अर्ज करण्याआधीच शाखेत जाऊन विचारा. पैसे परदेशी पाठवताना ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो. रक्कम कशासाठी जाते आहे ते तिथे अचूक नोंदवा, कारण टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) त्यावर ठरतो. एप्रिल २०२५ पासून ही कपात वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर होते आणि नियमात बसणाऱ्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर ती होत नाही. कापली गेलेली रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. तो दाखला जपून ठेवा.

शेवटी, ब्लॉक्ड अकाउंट भरले म्हणजे पैशाची सोय झाली असे समजू नका. विमानाचे तिकीट, घराची अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांसाठी वेगळे पैसे हवेत. विद्यार्थ्याला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. त्यातून हातभार लागतो, पण पहिले वर्ष त्या कमाईवर काढायचे ठरवून घराबाहेर पडणे धोक्याचे आहे.

भाषा, सीव्ही आणि ‘का जायचे?’

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तर आयईएल्टीएससारखी परीक्षा पुरते. जर्मन माध्यमाला जर्मन भाषेची बरीच वरची पातळी लागते, आउसबिल्डुंगसाठी साधारणपणे बी-वन. पुण्यात आणि मुंबईत मॅक्समुल्लर भवनचे वर्ग आणि परीक्षा होतात, पण परीक्षेच्या जागा लवकर भरतात. व्हिसाला जर्मन आवश्यक नसली तरी ए-टू पातळीपर्यंत तरी शिकून जा. घरमालक, दवाखाना, सरकारी पत्रे यांच्याशी रोज गाठ पडणार आहे आणि तिथे इंग्रजी नेहमी उपयोगी पडत नाही.

सीव्ही तक्त्याच्या रूपात, महिना-वर्ष घालून, खंड न ठेवता लिहा. बॅकलॉग राहिला, घरच्या आजारपणात वर्ष गेले, स्पर्धा परीक्षेची तयारी केली, जे झाले ते सरळ नोंदवा. लपवलेला खंड शंका निर्माण करतो, सांगितलेला करत नाही. हेतूपत्रात हाच अभ्यासक्रम का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय, पुढे काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. अभियांत्रिकीनंतर एकदम वेगळ्या विषयाकडे वळत असाल तर त्यामागचे कारण पटेल असे मांडा. विकत घेतलेले नमुनापत्र कोणालाही लागू पडते, त्यामुळे त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. मुलाखतीत प्रश्न आलेच तर ते तुमच्याच पत्रावरून येतील.

पती, पत्नी आणि मुले

जोडीदाराला सोबत न्यायचे असेल तर विवाहाची नोंदणी लग्नानंतर लगेच करा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार होणारी नोंदणी आणि तिचे प्रमाणपत्र हाच मुख्य पुरावा असतो. लग्नपत्रिका आणि फोटो त्याला पर्याय ठरत नाहीत. मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे ना, हे तपासा. रुग्णालयातून नोंद गेली आणि नाव घालायचे राहूनच गेले, असे दाखले आपल्याकडे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायत किंवा महापालिकेत जाऊन नावाची नोंद करून घ्या.

जोडीदाराला साधारणपणे ए-वन पातळीची जर्मन यावी लागते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला यातून सूट आहे. आणखी एक जपण्यासारखी गोष्ट : कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाविषयीच्या हेग करारातल्या भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप नोंदवलेला आहे. म्हणून इतर देशांसाठी चालणारे ‘अपोस्टिल’ इथे उपयोगी पडेल असे गृहीत धरू नका. यादीत मागितले असेल तरच त्यावर पैसे खर्च करा.

अर्ज आणि अपॉइंटमेंट

जानेवारी २०२५ पासून नॅशनल व्हिसाचे अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ‘कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल’वरून ऑनलाइन करता येतात. कागद स्कॅन करून चढवले की तपासणी होते आणि मग बोटांचे ठसे, फोटो व मूळ कागद दाखवण्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. स्कॅन सरळ, चारही कडा दिसणारे आणि वाचता येण्याजोगे हवेत. गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूही विसरू नका. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, नुकताच काढलेला हवा. प्रौढांसाठी शुल्क ७५ युरो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ३७.५० युरो आहे, ते रुपयांत भरायचे असते. प्रवासाच्या तारखेपासून लागू होणारा आरोग्यविमा जोडायचा असतो.

एजंटाची मदत घेणे वा न घेणे हा तुमचा निर्णय. पण काही गोष्टी स्वतःच्याच हातात ठेवा. अर्जात ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या. पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. ‘अपॉइंटमेंट मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून आणि अनुभवाचे बनावट पत्र पुरवणाऱ्यापासून दूर राहा. खोटा कागद सापडला तर अर्ज नाकारला जातोच, पुढच्या अर्जांवरही त्याची छाया पडते, आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

नकार आला तर

नकारपत्रात कारणे दिलेली असतात. ती शांतपणे, शब्दन्‌शब्द वाचा. पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता महिन्याच्या मुदतीत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते किंवा केव्हाही नवा अर्ज करता येतो. कागद अपुरा होता, पैशाचा पुरावा कमी पडला, हेतू स्पष्ट झाला नाही, अशी कारणे असतील तर ती उणीव भरून नवा अर्ज करणे बहुतेकांना परवडते. त्याच कागदांनिशी पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. विद्यापीठाला लगेच कळवून पुढच्या सत्रात प्रवेश राखता येतो का, हेही विचारा.

पोहोचल्यावरचे पहिले काही आठवडे

पासपोर्टवर व्हिसा लागला की नाव, जन्मतारीख, मुदत आणि काम करण्याविषयीचा शेरा लगेच तपासा. सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. हा व्हिसा ठरावीक महिन्यांसाठीच असतो. राहण्याचा खरा परवाना जर्मनीत गेल्यावर घ्यायचा असतो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते, म्हणून खोली ठरवतानाच ‘पत्ता नोंदवता येईल ना?’ असे विचारा आणि न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. पत्त्याच्या नोंदीवर बँक खाते, कराचा क्रमांक आणि पुढची बरीच कामे अवलंबून असतात. त्यानंतर आरोग्यविमा, विद्यापीठातली नोंदणी आणि मग ‘आउसलेंडरबेहोर्डे’ या परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून पोहोचताच मागा. व्हिसाची मुदत संपण्याआधी परवान्याचा अर्ज दाखल झालेला असेल तर निर्णय लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला मिळतो. मुदत उलटून गेल्यावर मात्र अडचणी सुरू होतात.

घरच्यांना एक विनंती

कर्ज, बचत, दागिने या सगळ्याची जमवाजमव आईवडील करतात आणि काळजीपोटी फाईलही तेच सांभाळू लागतात. पैशाची बाजू जरूर सांभाळा, फाईल मात्र जाणाऱ्याच्याच हाती द्या. यादी त्याने छापावी, बँकेत तिने बोलावे, एपीएसला ईमेल त्याने लिहावा, तारखांची वही तिने ठेवावी. जर्मनीत प्रत्येक गोष्ट मुदतीत, लेखी आणि स्वतःच्या नावाने करावी लागते आणि तिथे मागे उभे राहायला कोणी नसते. इथे आठ-दहा महिने फाईल स्वतः उभी केलेली मुलगी तिथल्या कार्यालयाचे पत्र आले की घाबरत नाही. ते उघडते, वाचते, मुदत बघते आणि उत्तर देते.